चार मिनिटांत बांधलेली गाठ

दहावीच्या वाढीव गुणांचे प्रस्ताव बोर्डाकडे पाठवायचे दिवस आले, की स्काऊट-गाईडच्या राज्य पुरस्कारावरून ठरलेले भांडण सुरू होते. एका बाजूचे म्हणणे असे, की सोपानांची, म्हणजे पायऱ्यांची, ही उतरंड फार उंच आहे, अटी जुनाट आहेत, खेड्यातल्या मुलांना त्या झेपत नाहीत, कमी करा. दुसरी बाजू म्हणते, गुणांच्या लोभाने चळवळीची माती झाली. गुण बंद करा आणि परीक्षा कडक करा. दोघांनाही थोडे खरे दिसले आहे, पण दोघेही अटींच्या यादीवरच अडून बसले आहेत. यादी फारशी वाईट नाही. ती कोण तपासतो, कधी तपासतो आणि कुठे तपासतो, इथे सगळा घोळ आहे. यादी हवी तेवढी सैल करा, गावागणिक बदला, हरकत नाही. मात्र दोन सोपानांमधला काळ आणि रोज डोळ्यांसमोर मूल पाहणाऱ्याची सही, या दोन गोष्टींना हात लावू नका. आज याच्या नेमके उलटे चालले आहे. यादी शब्दशः जपली जाते आणि काळ कागदावर गुंडाळला जातो.

ज्यांचा या वाटेशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण दहाव्या वर्षी मूल पथकात येते. वचन, नियम, चिन्ह, डाव्या हाताचे हस्तांदोलन, ध्वज, प्रार्थना हे शिकून त्याचा प्रवेश होतो, दीक्षाविधी होतो, गळ्यात स्कार्फ येतो. मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान. पुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीआधी मागच्या पायरीवर ठरावीक महिने पथकात काम केलेले असावे, असा नियम आहे. हे महिने एकापुढे एक मांडले, तर प्रवेशापासून राज्य पुरस्कारापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. पाचवीत आलेले मूल नववीपर्यंत आरामात तिथे पोचते. आठवीच्या दिवाळीनंतर आलेल्याला घाईच होते, आणि नववीत 'गुण मिळतात म्हणे' असे ऐकून आलेल्याला ते प्रामाणिकपणे जमतच नाही. मग काय होते? तारखा मागे सरकतात. अडीच वर्षांचे लॉगबुक एका पेनाने, एका बैठकीत, एकाच हस्ताक्षराच्या तिरकेपणात लिहून निघते. सत्कृत्यांच्या डायरीत आंधळ्या माणसाला रस्ता ओलांडून देणारी चाळीस मुले एकाच वर्गात सापडतात. गावात इतके आंधळे आणि इतके रस्ते असतात का, हे कोणी विचारत नाही.

आता तपासणी कशी होते ते पाहा. तृतीय सोपान आणि राज्य पुरस्कार यांची चाचणी शिबिरे भरतात. समजा, तीन दिवसांच्या शिबिराला दोनशे मुले आली आहेत आणि आठ परीक्षक आहेत. ध्वजारोहण, जेवणे, शेकोटी, समारोप वगळता दिवसाला पाच तास चाचणीला मिळाले, तर तीन दिवसांचे पंधरा तास. आठ परीक्षकांचे मिळून १२० तास, म्हणजे ७,२०० मिनिटे. दोनशे मुलांत वाटली, तर एकेकाच्या वाट्याला ३६ मिनिटे येतात. विषय दहा धरले, तर एका विषयाला चार मिनिटेसुद्धा नाहीत. गाठी चार मिनिटांत, प्रथमोपचार चार मिनिटांत, होकायंत्र चार मिनिटांत. परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी या वेळात तो काय पाहणार? मुलाच्या हातातला दोर योग्य आकारात दिसतो का, एवढेच.

आणि आकार फसवा असतो. रीफ नॉट घ्या. पहिल्या वेळी डावे टोक उजव्यावर, दुसऱ्या वेळी उजवे डाव्यावर. दोन्ही वेळी एकाच बाजूने नेले, की 'ग्रॅनी' तयार होते. लांबून ती जवळजवळ तशीच दिसते आणि ताण पडला की घसरते. मुलाला रीफ नॉट 'येते', पण दोन वेगवेगळ्या जाडीचे दोर जोडायला तो तीच वापरतो, जिथे शीट बेंड हवी. बोर्डावर खिळ्यांना लावलेल्या गाठींच्या नमुन्यांवरून शिकलेल्या मुलाची ही हमखास चूक, कारण बोर्डावरच्या गाठीवर कधी वजन येत नाही. क्लोव्ह हिच, म्हणजे काठीला दोर बांधायची गाठ, सुती दोराने खडबडीत लाकडावर छान बसते. गुळगुळीत बांबूवर नायलॉनच्या दोराने बांधली तर हळूहळू सरकते. स्क्वेअर लॅशिंगचे, म्हणजे दोन काठ्या काटकोनात बांधण्याचे, तेच. उभ्या काठीवर क्लोव्ह हिच, मग दोन्ही काठ्यांभोवती तीन पूर्ण वेढे, मग काठ्यांच्या मधून आवळणारे दोन वेढे, आडव्या काठीवर क्लोव्ह हिचने शेवट. कृती चार मिनिटांत होते. पण आवळणारे वेढे खरोखर आवळले आहेत की नुसते गुंडाळले आहेत, हे चार मिनिटांत कळत नाही. ते कळते भांड्यांच्या मांडणीवर भरलेली बादली ठेवून ती रात्रभर तशीच सोडली की. सकाळी मांडणी उभी असेल तर लॅशिंग आले. कललेली असेल तर नाही आले, आणि त्या मुलाला ते का नाही आले हे सांगायला परीक्षकाची गरजही उरत नाही.

प्रथमोपचारातही हेच दिसते. हाताची झोळी बांधताना त्रिकोणी पट्टीची गाठ मानेच्या मागे मणक्यावर न येता बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खोलगट जागेत यायला हवी आणि ती रीफ नॉटच हवी, कारण ती सपाट बसते आणि टोचत नाही. परीक्षेत मुले हे पाठ म्हणून दाखवतात. शाळेच्या क्रीडादिनी एखादे पोर खरेच हातावर पडले, की तीच मुले गाठ मानेमागे मारून मोकळी होतात. पाठांतर आणि सवय यांच्यात महिन्यांचे अंतर असते. सोपानांमध्ये ठेवलेले महिने नेमके त्यासाठीच आहेत. नियम लिहिणाऱ्यांनी ते मुलांना ताटकळत ठेवायची युक्ती म्हणून घातलेले नाहीत.

अटी सैल करा म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा खुद्द चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्याकडून येतो, आणि तो मान्य करायला हवा. १९०७ साली ब्राऊन्सी बेटावर पहिले शिबिर भरवणाऱ्या या माणसाने पुढे स्काऊट मास्तरांना बजावून सांगितले होते, की बॅज देताना मुलाने गाठलेली पातळी मोजू नका, त्याने घेतलेले कष्ट मोजा. हुशार मुलाला बॅज सहज मिळतो. मागे पडणाऱ्याला तो मिळाला तर तो पुढे येतो, असा त्यामागचा विचार. मग सगळ्यांना एकच कडक मापदंड लावणे हा त्या विचाराचाच पराभव नाही का? दुष्काळी तालुक्यातल्या मुलाकडून पोहण्याची अपेक्षा कशी करायची? शहरातल्या शाळेत चूल पेटवायला जागा कुठे आहे? गणवेश, स्कार्फ, शिबिराची फी, येण्याजाण्याचे भाडे हे सारे मजुराच्या घरात जड जाते, हेही खोटे नाही. पोहण्याचा तलाव तालुक्याला नसेल, तर पोहण्याची अट म्हणजे मुलाने कुठे जन्म घेतला याची परीक्षा ठरते.

सारे मान्य. पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. कष्ट मोजायचे असतील, तर कष्ट पाहणारा माणूस लागतो. तीन दिवसांपूर्वी प्रथमच भेटलेल्या परीक्षकाला मुलाचे कष्ट दिसूच शकत नाहीत. त्याला दिसते ती पातळीच. म्हणजे बेडन-पॉवेल यांचा दाखला खरा धरला, तर तो यादी छाटण्याच्या बाजूने जात नाही, चाचणी शिबिरातून पथकात परत नेण्याच्या बाजूने जातो. पोहण्याच्या जागी दुसरे काही ठेवायचे तर ठेवावे, फक्त मूळ अटीमागची कुवत तीच राहावी. पाणी नसलेल्या भागातही विहिरी आहेत आणि त्यांत माणसे पडतात. तेव्हा पंधरा मीटर दोर नीट गुंडाळून, एक टोक पायाखाली दाबून, दुसऱ्या टोकाला बोलाईन गाठीचा, न आवळणारा फास करून तो ठरवलेल्या जागी फेकणे. स्वतः काठावर उभे न राहता आडवे पडून ओढणे. आणि मुख्य म्हणजे मागोमाग उडी न मारणे. हा पर्याय पोहण्यापेक्षा हलका नाही. 'पोहणे शक्य नसल्यास पोहण्याचे महत्त्व यावर निबंध लिहा' हा मात्र हलका आहे, आणि सवलत म्हणून सुचवले जाते ते बहुधा असेच काहीतरी.

यादी छाटल्याने काय होते, याचा एक धडा अमेरिकेत आधीच गिरवून झाला आहे. १९७२ साली तिथल्या बॉय स्काऊट्सनी कार्यक्रम 'आधुनिक' केला. शहरी मुलांना रानावनाचे काय, या विचाराने शिबिर, पोहणे यांची सक्ती काढली; एकही रात्र तंबूत न काढता ईगल स्काऊट, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या पायरीचा स्काऊट, होणे शक्य झाले. बॅजांची संख्या मात्र २१ वरून २४ केली. कागद वाढला, रान घटले. सदस्यसंख्या पुढच्या काही वर्षांत जोरात घसरली. त्याला केवळ हे बदल कारण होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या वयाची मुलेच तेव्हा कमी होऊ लागली होती. पण संघटनेने स्वतः काढलेला निष्कर्ष पुरेसा बोलका आहे: संघटनेचे निवृत्त झालेले जुने लेखक विल्यम हिलकोर्ट यांना परत बोलावले, त्यांच्याकडून १९७९ ची हस्तपुस्तिका लिहून घेतली, शिबिर पुन्हा सक्तीचे झाले आणि बॅज पुन्हा २१ वर आले. शहरातल्या मुलांना रान नको असते हा मोठ्यांचा समज होता. रानासाठीच तर ती मुले यायची.

याउलट यादी सोवळ्यात ठेवल्यानेही फार काही साधत नाही. ब्रिटनमध्ये स्काऊट संघटनेच्या १९६६ च्या अहवालाने पायऱ्यांचे जुने वर्ग आणि अर्ध्या चड्ड्या मोडीत काढल्या, तेव्हा जुन्याला धरून बसलेले काही गट १९७० मध्ये वेगळे झाले. ते आजही आहेत, पण लहान आहेत. आपल्याकडचे उदाहरण याहून उपयोगी. सुरुवातीला इथल्या पथकांत भारतीय मुलांना घेतच नसत. तेव्हा १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासेत स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. त्यांनी टोपीच्या जागी फेटा आणला, गाणी देशी केली, सेवेला अग्रस्थान दिले. पण सांगाडा? वचन, नियम, आठाआठांचे संघ, संघनायक, पायरीपायरीने चढणे, हे त्यांनी जसेच्या तसे ठेवले. वरचे कपडे बदलले, हाडे तीच. म्हणूनच १९५० च्या ७ नोव्हेंबरला ब्रिटिश आणि देशी अशा दोन्ही परंपरांची मिळून भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एक संस्था होऊ शकली. काय बदलायचे आणि काय नाही, याचा निवाडा त्या पिढीने आपल्यापेक्षा स्वच्छ केला होता.

आता गुण बंद करा म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. स्काऊटचा पहिलाच नियम तो विश्वसनीय असतो असा, आणि त्याच नियमाचा बॅज खोट्या तारखांच्या लॉगबुकवर मिळवायचा, यात काहीतरी भयंकर विनोदी आहे. 'खरी कमाई'चे कार्डच घ्या. मुलाने शेजाऱ्यांची गाडी धुवावी, दळण आणावे, अंगण झाडावे आणि मिळालेले चार पैसे कार्डावर लिहावेत, ही कल्पना. होते काय, तर रविवारी रात्री वडील पाकिटातून पन्नास रुपये काढतात आणि आई सात वेगवेगळ्या सह्या करते. कमाई होते, खरी तेवढी नसते. पण हा खोटेपणा गुणांनी आणला का? ज्या लहान वर्गांत गुणांचा संबंधच नाही, तिथेही कार्ड असेच भरले जाते. रेल्वेच्या स्काऊट कोट्यात राष्ट्रपती पुरस्कारासोबत सलग पाच वर्षे सक्रिय सदस्यत्व आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरच्या मेळाव्यांतला सहभाग मागतात. तिथे तर आमिष नोकरीचे, गुणांपेक्षा कितीतरी मोठे. तरी ती अट निदान काळ मोजते. फायद्याच्या मागे धावणारी माणसे सगळीकडे असतात. फायदा काढून घेतल्याने धावणारी मुले कमी होतील, पण उरलेल्यांची चाचणी चार मिनिटांचीच राहील. शिवाय ज्या खेड्यातल्या शाळेत गुणांमुळे तरी पथक टिकून आहे, तिथला स्कार्फ कायमचा पेटीत जाईल. त्याची भरपाई कशाने करणार?

'परीक्षा कडक करा' हा उपाय तर रोगाला खतपाणी घालणारा आहे. लेखी पेपर वाढवा, बाहेरचे परीक्षक आणा, सगळे पुन्हा तपासा, असे सुचवले जाते. अमेरिकन संघटनेत एक नियम आहे, जो आपल्याकडे अजून कोणाला सुचलेला दिसत नाही: ठरलेल्या अटींत कोणत्याही पथकाने, जिल्ह्याने किंवा व्यक्तीने भरही घालायची नाही आणि घटही करायची नाही, आणि शेवटच्या मंडळाने मुलाची पुन्हा परीक्षा घ्यायची नाही. एकदा प्रशिक्षकाने 'येते' म्हणून सही केली, की मंडळ मुलाशी बोलते, त्याचा अनुभव विचारते, पण दोर हातात देत नाही. हे सैल वाटते. खरे तर सहीचे वजन वाढवायचा तो एकच मार्ग आहे. वरचा माणूस पुन्हा तपासणारच असेल, तर खालचा माणूस सही करताना कशाला डोकावेल? आपल्याकडे नेमके तेच झाले आहे. स्काऊट मास्तर म्हणतो, शिबिरात बघतीलच. परीक्षक म्हणतो, पथकात झालेच असेल. दोन पहारेकरी एकमेकांच्या भरवशावर झोपतात. (अमेरिकेत सारे आलबेल आहे असे नाही. एका शनिवारात तीन बॅज देणारे मेळे तिथेही भरतात आणि त्यांच्या नावाने बोटे मोडणारेही तिथे आहेत. पण नियम निदान त्या मेळ्यांच्या बाजूने उभा नाही.)

तालमीत कोण तयार झाला आहे हे ठरवायला वस्तादाला परीक्षक बोलवावा लागत नाही. कोणाच्या जोर-बैठका कच्च्या आहेत, कोण डावात घाई करतो, हे तो पाहतच असतो. पथकात हे काम पहिल्यांदा संघनायकाचे आहे. संघनायक मित्रांना पास करून टाकील, ही शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर संघ पद्धतीतच आहे. आठ जणांचा संघ शिबिराला जातो, तेव्हा ज्याला चूल पेटवता येते म्हणून सही दिली त्याने चूल पेटवली नाही, तर सही देणाऱ्यासकट आठही जण उपाशी राहतात. एकदा भात कच्चा खाल्लेला संघनायक पुढच्या सहीला हात आखडता घेतो. मात्र त्यासाठी जेवण संघानेच करायला हवे. चाचणी शिबिरात आचारी बोलावून दोनशे पाने एकदम उठवली, की हा सगळा हिशेबच बिघडतो. आणि स्वयंपाकाची चाचणी मग कढईशेजारी उभे राहून फोटो काढण्यापुरती उरते.

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी ठेवला आहे, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हे सारे करणार कोण? स्काऊट मास्तर म्हणजे शाळेतलाच एखादा शिक्षक, ज्याच्याकडे मतदारयाद्या आहेत, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, ऑनलाइन माहिती भरायची आहे. त्याने बेसिक कोर्स केलेला असतो. भोरच्या रामबागेत किंवा पचमढीला पुढचे प्रशिक्षणही घेतलेले असते. वेळापत्रकात स्काऊटचा तास मात्र परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातो. एक पथक म्हणजे बत्तीस मुले. आठवड्याला चाळीस मिनिटांत तो प्रत्येकाची प्रगती कशी पाहणार? म्हणूनच तपासणीचा पहिला टप्पा संघनायकाकडे द्यायचा. मास्तराने बत्तीस मुले पाहायची नाहीत, चार संघनायक पाहायचे. त्याने त्यांच्याकडून करून घ्यायचे, आणि त्यांनी आपापल्या सात जणांकडून. तरीही मास्तराला महिन्याला एक अख्खी सकाळ लागेल, आणि ती शाळेने दिली नाही तर हा लेख व्यर्थ आहे, हे कबूल करतो.

एवढे धरून पाहिले, तर लागणारे बदल थोडेच आहेत. दीक्षाविधी झाल्याबरोबर त्याच आठवड्यात नाव आणि तारीख जिल्हा कार्यालयात नोंदली जावी आणि नंतर ती तारीख कोणालाच मागे नेता येऊ नये; नववीतल्या अचानक जागृतीवर एवढ्यानेच बराचसा आळा बसेल. प्रगतीपत्रकावर प्रत्येक कौशल्यापुढे दोन तारखा असाव्यात: जमले ती, आणि किमान महिनाभराने पुन्हा न सांगता जमले ती. पहिली संघनायकाची सही, दुसरी मास्तराची. जिल्हा संघटकाने शिबिरात दोनशे मुलांच्या गाठी पाहण्याऐवजी वर्षातून एकदा न कळवता पथकाच्या एका बैठकीला जाऊन बसावे. तिथे अर्धा तास बसल्यावर पथक चालते की नाही हे समजते; लॉगबुक उघडावे लागत नाही. आणि चाचणी शिबिरात फक्त तेच पाहावे जे शिबिरातच दिसते: पावसात तंबूचे ताण कोण सैल करतो (सुती दोर भिजला की आखडतो आणि खुंट्या उपटतो), रात्री बाराला होकायंत्र घेऊन दोन किलोमीटरवरचे ठिकाण कोणता संघ शोधतो, आदल्या संध्याकाळी उभी केलेली भांड्यांची मांडणी सकाळी कोणाची सरळ आहे. होकायंत्राच्या बाबतीत निदान आपल्याला निसर्गाने सवलत दिली आहे: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाचाही नाही. मुलांना ती दुरुस्ती पाठ करायला लावण्यात जी वीस मिनिटे जातात, ती चालण्यात घालवता येतील.